उभ्या गाडीत हीटर गार का पडतो?

३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याचे उद्घाटन झाले आणि हिवाळ्यात बर्फामुळे तुटून जाणारे लाहौलचे खोरे मनालीशी बाराही महिने जोडले गेले. तेव्हापासून नाताळच्या सुट्टीत पुण्या-नाशिकहून स्वतःच्या गाडीने सुमारे दोन हजार किलोमीटरचा पल्ला गाठणारी मराठी कुटुंबे तिकडे भेटू लागली आहेत. बर्फ पडला की सोलंग ते बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या तासन्‌तास अडकल्याच्या बातम्याही आपण वाचतो. अशा रांगेत अडकलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते. गाडी धावत होती तोवर हीटरमधून छान ऊब येत होती, रांगेत थांबल्यावर मात्र चार-पाच मिनिटांत गार वारा सुटला आणि गाडी हलताच ऊब परत आली.

मला हा अनुभव यायला हिमाचलपर्यंत जावे लागले नाही. थंडीच्या लाटेत पाच अंशांच्याही खाली उतरणाऱ्या निफाडजवळ, जानेवारीतल्या एका पहाटे, रेल्वेचे फाटक पडले म्हणून मी गाडी न्यूट्रलमध्ये उभी केली. मागच्या सीटवर वडील शाल पांघरून बसले होते. दोनेक मिनिटांत त्यांनी विचारले, "अरे, हीटर बंद केलास का?" मी काहीच बंद केले नव्हते. फाटक उघडले, गाडीने वेग घेतला, हवा पुन्हा गरम झाली आणि मीही तो विषय तिथेच सोडून दिला. एप्रिलमध्ये तीच गाडी कसारा घाटात तापून उभी राहिली. फाटकावरची ती गार हवा म्हणजे इंजिनाने तीन महिने आधी दिलेली सूचना होती, हे तेव्हा कळले. हीटर हा इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचाच एक फाटा आहे आणि त्या यंत्रणेत काही कमी पडू लागले की पहिली झळ बहुधा त्यालाच लागते, हे मला त्या दिवशी माहीत असते तर घाटातला मनस्ताप टळला असता. म्हणून हा विषय मुळापासून मांडतो आहे.

ऊब येते कुठून

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची सगळी शक्ती गाडी ओढण्याच्या कामी येत नाही. ढोबळमानाने तिचा एक तृतीयांश भाग कामी येतो, साधारण तेवढीच उष्णता धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत मुरते. ही मुरलेली उष्णता काढून घेतली नाही तर इंजिन थोड्याच वेळात जाम होईल, म्हणून त्याच्या पोटातल्या वाटांमधून सतत एक द्रव फिरवला जातो. पाणी आणि इथिलीन ग्लायकोल यांच्या या मिश्रणाला कूलंट म्हणतात. वॉटर पंप ते ढकलतो, ते इंजिनातली उष्णता उचलून समोरच्या जाळीमागच्या रेडिएटरमध्ये नेते, तिथे वाऱ्याने निवते आणि पुन्हा इंजिनात येते.

या हमरस्त्याला एक लहानशी आडवाट असते. रबराच्या दोन नळ्या इंजिनामागच्या पत्र्यातून आरपार जाऊन डॅशबोर्डखालच्या एका छोट्या रेडिएटरला मिळतात. त्याला मेकॅनिक हीटर कॉइल म्हणतात आणि तिचा आकार साधारण एखाद्या जाड वहीएवढा असतो. एका नळीतून गरम कूलंट कॉइलमध्ये जाते, दुसरीतून परत येते आणि ब्लोअर त्या कॉइलवरून हवा फुंकतो. पूर्वी न्हाणीघरातला बंब पेटला की येता-जाता घरातले सगळे त्याच्यापाशी हात शेकून घेत. बंब पेटलेला असे तो अंघोळीच्या पाण्यासाठी, शेकणे फुकटात होई. गाडीच्या हीटरचेही तसेच आहे. एरवी वाऱ्यावर गेली असती ती उष्णता तो आपल्याकडे वळवतो, त्यासाठी वेगळे इंधन जाळत नाही. हवा कमी-जास्त गरम करायची खुंटी फिरवली की डॅशबोर्डच्या आत एक झडप सरकते आणि गार व गरम हवा हव्या त्या प्रमाणात मिसळते.

आणखी एकच भाग ओळखून घेतला की पुढचे सगळे सोपे होईल. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाची झडप असते आणि तिच्या आत मेणाची एक गोळी असते. कूलंट साधारण ८२ ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की मेण वितळून फुगते आणि रेडिएटरची वाट उघडते. तोवर कूलंट इंजिनात आणि हीटर कॉइलमध्येच घुटमळत राहते. म्हणूनच सकाळी गाडी चालू केल्यावर रेडिएटर गार असतानाच आपल्याला ऊब मिळू लागते.

मग थांबल्यावरच ऊब का जाते

बहुतेक गाड्यांत वॉटर पंप बेल्टवर चालतो, म्हणजे इंजिन जितके जोरात फिरेल तितकाच पंपही. हायवेवर इंजिन मिनिटाला समजा २४०० फेरे घेत असेल, तर न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत ते ८०० फेऱ्यांवर येते. पंपाचा वेग एक तृतीयांश झाला की त्यातून जाणारे कूलंटही साधारण एक तृतीयांश होते. कूलंटमागचा दाब मात्र त्याहून पुष्कळ जास्त उतरतो, कारण अशा पंपाचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग एक तृतीयांश झाला तर दाब एक नवमांश उरतो. महापालिकेच्या पाण्याचा दाब कमी असला की तळमजल्यावर नळाला धार असते आणि तिसऱ्या मजल्यावर नुसता सूं-सूं आवाज येतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना पुढचे सांगायला नको. कूलंटच्या या इमारतीत हीटर कॉइल तिसऱ्या मजल्यावर राहते. तिची वाट अरुंद असते आणि अनेक गाड्यांत ती बरीच उंचावरही असते.

यंत्रणा निरोगी असेल तर हा नवमांश दाबही पुरतो, हे इथे ठासून सांगितले पाहिजे, नाहीतर उभ्या गाडीत हीटर गार पडणे हा गाडीचा स्वभावच आहे असा समज व्हायचा. दाब उतरल्याबरोबर ऊब जात असेल तर कॉइलकडे जाणाऱ्या प्रवाहात आधीच काहीतरी कमी पडते आहे आणि हायवेवर पंपाचा जोर ती उणीव झाकतो आहे, असा त्याचा अर्थ होतो. ही उणीव मुख्यतः तीन प्रकारची असते: यंत्रणेत कूलंट कमी होऊन हवा शिरलेली असते, कॉइल गाळाने तुंबलेली असते, किंवा पंप थकलेला असतो. तपास याच क्रमाने करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण पहिले कारण सर्वांत जास्त वेळा सापडते आणि सर्वांत कमी खर्चात दुरुस्त होते.

पाण्याच्या वाटेत हवा

विहिरीवरच्या मोटारीने हवा धरली की ती नुसती घरघरते आणि पाणी चढत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. उपसा सिंचनाच्या पाइपलाइनवर प्रत्येक उंचवट्याला एअर व्हॉल्व्ह बसवलेला असतो, कारण पाइपातली हवा नेहमी वरच्या टेकाला जाऊन बसते आणि मागचे पाणी अडवते. गाडीत तो टेक म्हणजे बहुधा हीटर कॉइल. कूलंट एखाद-दीड लिटरने कमी झाले की त्याची जागा हवा घेते आणि कॉइलमध्ये जाऊन बसते. इंजिन जोरात फिरत असताना प्रवाह तो बुडबुडा रेटून पुढे नेतो, म्हणून हवा गरम येते. इंजिन मंदावले की बुडबुडा पुन्हा कॉइलमध्ये ठाण मांडतो. अशा गाडीत सकाळी इंजिन चालू केल्यावर किंवा एकदम रेस दिल्यावर डॅशबोर्डमागे माठ भरताना होतो तसा गुडगुड आवाज येतो. हा आवाज आणि थांबल्यावरची गार हवा दोन्ही एकत्र असतील, तर निदान जवळजवळ झालेच म्हणायचे.

यंत्रणेतली हवा काढायची रीत अवघड नाही, फक्त धीर लागतो. गाडी पूर्ण गार असताना पुढचे तोंड चढावर येईल अशी उभी करावी, म्हणजे रेडिएटरचे तोंड सर्वांत उंचावर येते. हीटरची खुंटी पूर्ण गरमवर ठेवावी, झाकण उघडून कूलंट काठोकाठ भरावे आणि मग इंजिन चालू करावे. जसजसे ते तापेल तसतसे बुडबुडे वर येतात आणि पातळी उतरते. उतरेल तेवढे भरत राहायचे. थर्मोस्टॅट उघडला की एकदम मोठा घोट जातो. बुडबुडे थांबले, हीटरमधून उभ्या गाडीतही गरम हवा येऊ लागली आणि रेडिएटरचा पंखा एकदा फिरून थांबला, की झाकण लावायचे. काही गाड्यांत हवा सोडण्यासाठी नळीवर वेगळा स्क्रू असतो आणि काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसते, तिथे हे सगळे दाबाखालच्या टाकीतून करावे लागते. अशा गाडीसाठी हे काम गॅरेजवर सोपवलेले बरे. आणि तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही, कोणत्याही घाईत उघडू नये. आतले कूलंट शंभर अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळे उकळलेले नसते. झाकण सैल होताच ते वाफ होऊन तोंडावर उसळते.

कूलंट गेले कुठे

भरून भागत नाही, कारण बंद यंत्रणेतले कूलंट आपोआप संपत नसते. ते कुठून तरी बाहेर पडते आहे. नळ्यांच्या क्लिपा, रेडिएटरचे कोपरे आणि वॉटर पंपाखालचे बारीक भोक या नेहमीच्या जागा आहेत. गळती सुकल्यावर तिथे हिरवा, गुलाबी किंवा पांढुरका डाग राहतो. पुढच्या प्रवाशाच्या पायाखालचा गालिचा ओलसर लागत असेल, काचेवर तेलकट धुके धरत असेल आणि गाडीत गोडसर वास येत असेल, तर हीटर कॉइलच गळते आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आणखी एक जागा महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. सीएनजी टाकीत सुमारे २०० बार दाबाने भरलेली असते. हा दाब रेड्यूसरमध्ये उतरतो तेव्हा वायू कमालीचा थंड होतो आणि रेड्यूसर गोठू नये म्हणून त्यातून गरम कूलंट फिरवावे लागते. बाहेरून किट बसवताना हे कूलंट बहुधा हीटरच्याच नळ्या कापून, त्यात टी-जोड घालून घेतले जाते. म्हणजे हीटरच्या आधीच अरुंद असलेल्या वाटेत चार-सहा नवे जोड, नव्या क्लिपा आणि एक वाटेकरी येतो. जोड चुकीच्या क्रमाने लावले तर उभ्या गाडीत कूलंट सोपी वाट धरून रेड्यूसरमधूनच परत फिरते आणि कॉइल उपाशी राहते. माझ्या गाडीतली गळती शेवटी अशाच एका टी-जोडावर सापडली. क्लिप अर्धा आटा सैल होती आणि तिच्याखाली मिठासारखी पांढरी कड धरली होती. किट बसवणाऱ्याने ती त्या दिवशी आणखी दोन वेळा पिळली असती तर पुढचे काहीच झाले नसते. किट बसवल्यानंतर महिनाभराने सगळ्या क्लिपा एकदा आवळून घ्याव्यात, ही सवय मी तेव्हापासून लावून घेतली आहे.

कुठेच डाग नाही, गालिचा कोरडा आहे आणि तरीही कूलंट कमी होते आहे, अशी स्थिती असेल तर ती गांभीर्याने घ्यावी. इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामध्ये हेड गॅस्केट नावाची पातळ चकती असते. ती फाटली की सिलिंडरमधला जळता वायू कूलंटमध्ये शिरतो, म्हणजे कितीही वेळा हवा काढली तरी नवी हवा भरतच राहते. टाकीत सतत बुडबुडे येणे, इंजिन गार असतानाही नळी दगडासारखी टणक लागणे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येणे आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ कॉफीसारखा थर दिसणे ही तिची लक्षणे आहेत. गॅरेजमध्ये टाकीच्या तोंडावर एक निळे द्रावण धरून याची खात्री करता येते. पेट्रोल गाडीतला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर ते पिवळे पडते. ही लक्षणे दिसल्यावर गाडी चालवत राहिल्यास हेड वाकते आणि मग खर्च हाताबाहेर जातो.

नळ्यांना हात लावून निदान

माझ्या गाडीचे निदान ज्या मेकॅनिकने केले त्याने कोणतेही यंत्र लावले नाही. त्याने हीटर पूर्ण गरमवर ठेवून गाडी पाच-सात मिनिटे उभीच चालू ठेवली, मग इंजिन बंद केले, बॉनेट उघडले आणि मागच्या पत्र्यात शिरणाऱ्या दोन नळ्यांना एकापाठोपाठ हाताची मागची बाजू टेकवली. पहिलीवरून त्याने हात झटकन उचलला. दुसरीवर तो निवांत ठेवून म्हणाला, "दादा, ही बघा, चहा निवल्यासारखी लागते." मीही हात लावला. एक नळी चटका देत होती आणि तिच्यापासून वीतभर अंतरावरची दुसरी जेमतेम कोमट होती. कूलंट कॉइलच्या दारापर्यंत येत होते, पण आरपार जात नव्हते.

ही तपासणी कोणालाही घरी करता येते, मात्र इंजिन बंद केल्यावरच हात आत घालावा आणि बेल्ट व पंखा यांच्यापासून तो लांब ठेवावा, कारण काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा किल्ली काढल्यावरही फिरू लागतो. एक नळी गरम आणि दुसरी गार असेल तर कॉइलमध्ये हवा किंवा गाळ अडला आहे. दोन्ही चटका देत असतील तर कूलंट व्यवस्थित फिरते आहे आणि बिघाड डॅशबोर्डमधल्या झडपेत आहे. पण मग धावत्या गाडीतही हवा गारच यायला हवी. दोन्ही नळ्या कोमट असतील तर एकतर इंजिनच पुरेसे तापत नाही, किंवा कूलंट इतके कमी आहे की ते कॉइलपर्यंत पोचतच नाही, किंवा पंप ढकलत नाही.

पंपाचा संशय सर्वांत शेवटी घ्यावा. त्याची आतली पाती गंजून झिजतात आणि प्लास्टिकची असतील तर त्यांना तडे जातात. इंजिनाला हलकी रेस देऊन ते दोन हजार फेऱ्यांवर धरले की अर्ध्या मिनिटात हवा गरम होते, रेस सोडली की गार पडते, कूलंट पूर्ण भरलेले आहे, हवा काढलेली आहे आणि कॉइल धुऊनही फरक पडलेला नाही, इतके सगळे जुळले तरच पंप उघडावा. बेल्ट सैल असला तरी हेच लक्षण दिसते आणि तो ताणून घ्यायला फारसा खर्च येत नाही.

कॉइल तुंबली असेल तर दोन्ही नळ्या सोडवून तिच्यात उलट्या दिशेने, कमी दाबाने स्वच्छ पाणी सोडतात. पहिल्यांदा येणारे पाणी गढूळ, तांबूस असते. अनेक गाड्यांत कॉइल बदलायची म्हणजे अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून आधी धुऊन पाहणे केव्हाही शहाणपणाचे.

"पण काटा तर मधोमध आहे"

टेंपरेचरचा काटा मधोमध असताना यंत्रणेत कूलंट कमी कसे असेल, असा प्रश्न इथे पडतो. काटा ज्या सेन्सरवर चालतो तो कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच त्याचे सांगणे खरे धरता येते. पातळी इतकी उतरली की सेन्सर हवेत उघडा पडला, तर इंजिनाचा धातू तापत असतानाही काटा खाली राहू शकतो. अनेक नव्या गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त एक निळा आणि एक लाल दिवा असतो आणि लाल दिवा लागतो तेव्हा उशीर झालेला असू शकतो.

बाटलीतल्या पातळीवरही डोळे झाकून विसंबू नये. ज्या गाड्यांत रेडिएटरला वेगळे झाकण आणि बाजूला साधी बाटली असते, तिथे इंजिन निवताना रेडिएटर बाटलीतले कूलंट ओढून घेतो. झाकणाचे रबर खराब झाले की हे ओढणे थांबते. बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर आतून रिकामा होत जातो. माझ्या बाटलीत पातळी दोन रेघांच्या बरोबर मध्ये होती आणि रेडिएटरमध्ये दीड लिटर कूलंट मावले. म्हणून महिन्यातून एकदा, सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना झाकण उघडून आत पाहावे.

"थर्मोस्टॅट काढून टाकला तर?"

हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर लक्षण नेमके उलटे दिसते. धावत्या गाडीत वारा रेडिएटरला सतत निववत राहतो, म्हणून हायवेवर हीटर कोमट पडतो आणि काटा खाली जातो, तर थांबल्यावर दोन्ही हळूहळू वर येतात. थांबल्यावरच हीटर गार पडणाऱ्या गाडीतला थर्मोस्टॅट काढल्याने मूळ दुखणे तसेच राहते, शिवाय इंजिन कायम गार चालते, इंधन जास्त पिते आणि ऑइल लवकर खराब होते. थर्मोस्टॅट बिघडलाच असेल तर त्याच मापाचा नवा बसवावा.

जुनी गाडी घेतली असेल तर आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. कॉइल गळू लागली की काही ठिकाणी दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून हीटर कायमचा बायपास करून टाकतात. अशा गाडीत हवा कधीच गरम येत नाही, त्यामुळे ते ओळखणे सोपे असते.

"नुसते पाणी घातले तर काय बिघडते?"

अडचणीच्या वेळी पाणी घालून जवळचे गॅरेज गाठणे वेगळे आणि वर्षभर पाण्यावर गाडी चालवणे वेगळे. बोअरचे पाणी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जड असते. गीझरच्या कॉइलवर चढतो तोच पांढरा थर हीटर कॉइलच्या बारीक नळ्यांतही चढतो. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात, ती पाण्यात नसतात, म्हणून पंपाची पाती आणि इंजिनाच्या वाटा आतून गंजू लागतात. दोन वेगळ्या जातींची कूलंट एकत्र केल्यानेही चिकट गाळ होऊ शकतो, तेव्हा गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच कूलंट भरावे.

उंचावर जाणाऱ्यांसाठी तर हा प्रश्न आणखी गंभीर होतो. बोगद्यापलीकडचे सिस्सू समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून उंच आहे आणि तिथे उघडे पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरचे झाकण कुकरच्या झाकणाचे काम करते. आत साधारण एक बार जादा दाब धरून ते उकळणे लांबवते. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकोल असलेले मिश्रण चांगल्या झाकणाखाली सव्वाशे अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही आणि उणे ३५ अंशांपर्यंत गोठतही नाही. झाकणाची रिंग गेलेली असेल आणि आत नुसते पाणी असेल, तर दिवसा ते उकळून कॉइलमध्ये वाफ भरते आणि रात्री गोठून फुगते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के जास्त जागा घेते, आणि ही जागा ते रेडिएटरला किंवा थेट इंजिनाला तडा देऊन मिळवते. कूलंट विषारी असून चवीला गोड असते, म्हणून सांडलेले कूलंट लगेच धुऊन टाकावे. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि दगावतात.

"आपल्याकडे हीटर लागतोच कुठे?"

पुण्या-मुंबईत वर्षातले दहा दिवसही हीटर लागत नाही, मग त्याची एवढी चिंता का करायची, असे अनेकांना वाटेल. मुळात गार हवेमागचे कूलंट कमी होण्याचे दुखणे मे महिन्यातही तसेच असते, फक्त तेव्हा हीटर बंद असल्याने ते कळत नाही आणि घाटात गाडी तापूनच कळते. शिवाय हीटर पावसाळ्यातही लागतो. आंबोली किंवा ताम्हिणीत पावसात काच आतून धुरकटते तेव्हा एसीबरोबर हीटर लावून हवा काचेवर सोडली की ती सर्वांत लवकर निवळते, कारण एसी हवेतला ओलावा काढतो आणि हीटर तीच हवा गरम करून काचेवर पाठवतो. घाटात काटा वर चढू लागल्यावर अनुभवी चालक एसी बंद करून हीटर पूर्ण लावतात, त्यामागचे कारण मात्र वेगळे आहे. हीटर कॉइल तेवढ्यापुरता दुसरा रेडिएटर होते. ती तुंबलेली असेल तर हा आधारही जातो.

जिथे बिघाड नसतो

काही गाड्यांत थांबल्यावर ऊब थोडी कमी होणे स्वाभाविक आहे. डिझेल इंजिन उभे असताना फारच थोडे इंधन जाळते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत त्याच्याकडे द्यायला उष्णताच कमी असते. थंड देशांत विकल्या जाणाऱ्या अनेक डिझेल गाड्यांत म्हणूनच विजेवर चालणारा जादा हीटर असतो. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या इंजिनात पंपही बंद पडतो, तिथे ती सोय बटण दाबून तात्पुरती बंद करावी. पण अशा गाडीत हवा कोमट होते आणि ती सावकाश होते. दोन मिनिटांत एकदम गार पडली तर गाडी कोणतीही असो, आधी कूलंट पाहावे.

रांगेत अडकल्यावर

बर्फात अडकलेले असताना दुरुस्ती शक्य नसते. तेव्हा ब्लोअर सर्वांत कमी वेगावर आणावा, म्हणजे कॉइलवरून हवा सावकाश जाऊन जास्त तापते. आतलीच हवा फिरवणारे बटण थोडा वेळ लावावे, काच धुरकटली की बंद करावे. पातळी ठीक असल्याची खात्री असेल तर अधूनमधून इंजिनाला दीड-दोन हजार फेऱ्यांपर्यंत हलकी रेस देता येते. पातळीची खात्री नसेल तर मात्र रेस देत बसू नये, इंजिन बंद करून पांघरुणांवर भागवावे.

आणि इंजिन चालू ठेवायचे असेल तर दर थोड्या वेळाने खाली उतरून सायलेन्सरचे तोंड पाहावे. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसे दगावली, आणि त्यात थंडीबरोबर कार्बन मोनॉक्साइडचाही वाटा असल्याचे तेव्हा सांगितले गेले. या वायूला रंग नाही, वास नाही. बर्फाने सायलेन्सर बुजला की तो गाडीखाली साठून आत शिरतो आणि ऊब घेत बसलेल्या माणसाला फक्त झोप आल्यासारखे वाटते. सायलेन्सरभोवतीचा बर्फ हाताने दूर करावा, ज्या बाजूने वारा येत नाही त्या बाजूची एक काच बोटभर उघडी ठेवावी आणि गाडीतल्या सगळ्यांना एकाच वेळी झोपू देऊ नये.